सरासरी पाऊस आणि पावसाचा भरवसा

दरवर्षी सप्टेंबर सरला की पावसाळ्याचा ताळेबंद मांडला जातो. अमुक जिल्ह्यात सरासरीच्या ९६ टक्के, तमुक जिल्ह्यात १०४ टक्के, असे आकडे बाहेर पडतात आणि छत्रपती संभाजीनगरपासून मुंबईपर्यंतची कार्यालये एक तर सुटकेचा निःश्वास टाकतात किंवा टंचाई आराखड्याच्या फायलींवरची धूळ झटकू लागतात. या साऱ्या खटाटोपात ‘सरासरी’ हा शब्द स्वयंसिद्ध मानला जातो. सरासरी म्हणजे जणू पावसाने शासनाशी केलेला करार आणि तीपासून ढळणे म्हणजे निसर्गाने केलेला करारभंग, अशीच समजूत दिसते. वस्तुतः मराठवाड्याच्या पावसाने असा करार कधी केलेलाच नाही. ढळणे हाच त्याचा स्वभाव आहे. तो स्वभाव किती प्रमाणात ढळणारा आहे हे सांगणारा एक साधा आकडा संख्याशास्त्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच दिलेला आहे. विचरण गुणांक हे त्याचे नाव. हवामानशास्त्रज्ञांच्या आणि जलतज्ज्ञांच्या अहवालांत तो नेमाने छापला जातो. धोरण ठरविणारांच्या टेबलापर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो.

हा आकडा म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. समजा, दोन तालुके आहेत. पहिल्यात पाच वर्षांत अनुक्रमे ६५०, ७००, ७२०, ६८० आणि ७५० मिलिमीटर पाऊस झाला. दुसऱ्यात त्याच पाच वर्षांत ३५०, १०५०, ५००, १००० आणि ६०० मिलिमीटर झाला. दोन्हींची बेरीज ३,५०० आणि दोन्हींची सरासरी ७००. सरकारी तक्त्यात हे दोन्ही तालुके एकाच रांगेत, एकाच दर्जाचे म्हणून बसतील. परंतु पहिल्या तालुक्यातील शेतकरी डोळे मिटून पेरणी करू शकतो, तर दुसऱ्या तालुक्यातील शेतकऱ्याला पाचांपैकी दोन वर्षे पीक करपताना आणि दोन वर्षे पाण्याखाली सडताना पाहावे लागते. हा फरक मोजावयाचा तर प्रत्येक वर्षाचा पाऊस सरासरीपासून किती दूर गेला ते पाहावे, त्या अंतरांचे वर्ग करावेत, त्यांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यावे. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. पहिल्या तालुक्याचे प्रमाण विचलन सुमारे ३४ मिलिमीटर येते, दुसऱ्याचे सुमारे २७७. या विचलनाला सरासरीने भागून शंभराने गुणले की विचरण गुणांक मिळतो: पहिल्याचा ५ टक्क्यांच्या आत, दुसऱ्याचा जवळजवळ ४० टक्के. सरासरीने लपविलेली गोष्ट या एका भागाकाराने उघडी पडते.

मग नुसते प्रमाण विचलन पुरेसे का नाही, भागाकाराचा हा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या नकाशातच आहे. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. कोकणातील एखाद्या ठिकाणी सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचे प्रमाण विचलन ५०० आहे. मराठवाड्यातील एखाद्या ठिकाणी सरासरी ७०० आणि विचलन २०० आहे. केवळ विचलन पाहिले तर कोकणचा पाऊस अडीचपट लहरी ठरेल. पण तीन हजारांतून पाचशे वजा झाले तरी भाताच्या खाचराला फारशी झळ लागत नाही. सातशेंतून दोनशे गेले तर कापसाचे बोंड भरत नाही आणि विहिरीचा तळ दिसू लागतो. सरासरीने भागताच कोकणचा गुणांक १७ टक्क्यांच्या घरात येतो आणि मराठवाड्याचा २९ टक्क्यांच्या. घट मोजावयाची ती मुळात हाती असलेल्याच्या प्रमाणात, हा व्यवहारी माणसाचा न्याय आहे. शंभर रुपयांचे नुकसान सावकाराला आणि सालगड्याला सारखे नसते, हे सांगावयास संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. हा न्याय सूत्रात बसविण्याचे काम मात्र कार्ल पिअर्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये केले.

आता प्रत्यक्षाकडे वळू. देशाच्या एकूण मोसमी पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि तिचा विचरण गुणांक सुमारे १० टक्के. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाची बेरीज करताना एकीकडची तूट दुसरीकडच्या अधिकाने भरून निघते, म्हणून हा आकडा इतका लहान दिसतो. मराठवाडा या हवामान उपविभागाचा मोसमी पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान आणि त्याचा गुणांक २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास असतो. उपविभागाची सरासरी सोडून तालुक्याकडे, तालुका सोडून महसूल मंडळाकडे गेले की हा गुणांक आणखी वाढत जातो. कारण क्षेत्र जितके लहान, तितकी एकमेकांची तूट भरून काढणारी ठिकाणे कमी. शिवाय जेथे मुळात पाऊस कमी तेथे त्याची चंचलताही अधिक, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पूर्वेकडे किनवट-माहूरच्या डोंगराळ भागाला जेवढा भरवसा आहे तेवढा पर्जन्यछायेतील आष्टी-पाटोद्याला किंवा वैजापूर-गंगापूरला नाही. दैवाने एका हाताने कमी द्यावे आणि दुसऱ्या हाताने तेही बेभरवशाचे करून ठेवावे, असा हा प्रकार आहे.

हवामान खात्याची वर्गवारी या पार्श्वभूमीवर तपासून पाहण्यासारखी आहे. संपूर्ण देशाचा पाऊस सरासरीच्या १० टक्के खालीवर असला तर त्यास ‘सर्वसाधारण’ म्हणतात. उपविभाग व जिल्हे यांच्यासाठी ही मर्यादा १९ टक्क्यांपर्यंत सैल केली आहे. २० ते ५९ टक्के तूट म्हणजे ‘अपुरा’ पाऊस. ही मर्यादा कोकणास, विदर्भास, मराठवाड्यास आणि राजस्थानच्या वाळवंटास एकच. वर्षांचे पाऊस घंटेच्या आकाराच्या परिचित वक्रानुसार विखुरलेले असतात असे ढोबळमानाने धरले तर या एका फूटपट्टीचा परिणाम सहज मोजता येतो. विचरण गुणांक २० टक्के असलेल्या प्रदेशात तीनांपैकी दोन वर्षे ‘सर्वसाधारण’ ठरतात. गुणांक ३० टक्के असेल तर जेमतेम निम्मी वर्षे त्या चौकटीत बसतात. चार वर्षांत एक वर्ष अपुऱ्या पावसाचे आणि एक अतिरिक्त पावसाचे निघते. म्हणजे मराठवाड्यासारख्या प्रदेशात जे वर्ष ‘सर्वसाधारण’ म्हणून नोंदले जाते ते नाणेफेकीत छापा पडावा इतक्याच खात्रीचे असते. निम्म्याच वेळा घडणाऱ्या गोष्टीला सर्वसाधारण म्हणणे हा भाषेचाही अपराध आहे.

जलसिंचन आयोगाने १९७२ च्या आपल्या अहवालात अवर्षणप्रवण क्षेत्राची जी कसोटी सांगितली तिच्याशी हा आकडा ताडून पाहावा. ज्या प्रदेशात पाचांपैकी किमान एका वर्षी पाऊस सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी पडतो, तो प्रदेश अवर्षणप्रवण, असे आयोगाचे म्हणणे. वरीलच गणिताने पाहिले तर नेमका ३० टक्के गुणांक असलेल्या प्रदेशात असे वर्ष पाचांतून एकदा येते. २० टक्के गुणांकाच्या प्रदेशात दहा वर्षांतून जेमतेम एकदा. आणि १० टक्के गुणांकाच्या प्रदेशात दीडशे वर्षांतून एकदा. मराठवाड्याचा बराच मोठा भाग या काठावर उभा आहे. तेव्हा दुष्काळ हा येथे आगंतुक पाहुणा नसून घरचाच मनुष्य आहे आणि त्याचे ताट दर पाच वर्षांच्या हिशेबात मांडूनच ठेवावयास हवे. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक दुष्काळ हा अभूतपूर्व म्हणून जाहीर होतो, त्यासाठी नवी पथके येतात, नवे पंचनामे होतात आणि पाऊस पडताच सारे विसरले जाते.

२०१४ साली मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४२ टक्के, तर २०१५ साली ४० टक्के कमी पाऊस झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण भरून वाहिले. रेल्वेने पाणी आणणाऱ्या शहराच्या धरणाचे दरवाजे सहा महिन्यांच्या आत उघडावे लागतात, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही असेल तर ते सरासरीवर श्रद्धा ठेवणारालाच. पुढे २०२५च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या भागांत अतिवृष्टीने उभी पिके तर गेलीच, नदीकाठच्या जमिनीही खरडून गेल्या. कोरडा दुष्काळ आणि ओला दुष्काळ हे शब्द लोकांनी उगाच घडविलेले नाहीत.

धरणाचे गणित

पावसाच्या चंचलतेपेक्षा नदीच्या प्रवाहाची चंचलता नेहमी अधिक असते, हा मुद्दा सामान्यतः ध्यानात घेतला जात नाही. मातीची तहान ठरलेली असते. पहिला पाऊस ती पिते. तिची तहान भागून उरेल ते ओढ्याला लागते. त्यामुळे पाऊस तीस टक्क्यांनी घटला तर प्रवाह तीस टक्क्यांनी घटून थांबत नाही, तो निम्म्यावर किंवा त्याखालीही येऊ शकतो. पावसाचा गुणांक ३० असेल तर नदीचा ५० असणे मुळीच अशक्य नाही. अशा नदीवर धरण बांधताना अभियंते सरासरी प्रवाह धरीत नाहीत. चार वर्षांतून तीन वर्षे जेवढे पाणी निश्चित मिळेल तेवढे, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचे, धरतात. त्याच घंटाकृती वक्राच्या हिशेबाने ३० टक्के गुणांकाच्या प्रवाहात हे पाणी सरासरीच्या ८० टक्के भरते, तर ५० टक्के गुणांकाच्या प्रवाहात ते ६६ टक्क्यांवर येते. सरासरी तीच, पण हक्काचे पाणी मात्र चंचलतेने खाल्लेले. आणि ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे चौथ्या वर्षी तेवढेही नाही, हे त्या आकड्यातच लिहिलेले असते.

पैठणच्या जायकवाडीची कहाणी यापेक्षा वेगळी नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेल्या या धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेशहात्तर अब्ज घनफुटांहून थोडा अधिक. मराठवाड्याच्या आकांक्षा या एका जलाशयाला बांधल्या गेल्या. नाथसागर काही वर्षी तुडुंब भरतो आणि त्याच्या सांडव्याची छायाचित्रे घराघरांत पोहोचतात. काही वर्षी तो मृतसाठ्याला टेकतो आणि शहराच्या नळाला पाण्याची वाट पाहावी लागते. २०१५-१६ साली ही अवस्था साऱ्यांनी पाहिली. वरच्या भागातील नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांनी अडविलेले पाणी हे त्याचे एक कारण आहे आणि त्यावरचा तंटा न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. परंतु त्या तंट्याचाही गाभा चंचलताच आहे. भरपूर पावसाच्या वर्षी कोणीच कोणाशी भांडत नाही. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले आणि पुढे मेंढेगिरी अभ्यासगटाने जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे सूत्र मांडले, ते तुटीच्या वर्षांसाठीच. सरासरी वर्षाचा कायदा करणे सोपे असते. वाईट वर्षाची तूट कोणी किती सोसावयाची याचा निर्णय आधी करून ठेवणे अवघड, आणि विचरण गुणांक नेमके तेच विचारतो.

उसाची गोष्ट येथे टाळता येत नाही. बाजरी वाईट वर्षी थोडी तरी येते. तूर उशिराच्या पावसावरही तग धरते. उसाला मात्र बारमाही हमी लागते. ज्या प्रदेशाच्या पाण्याचा गुणांक सर्वांत मोठा, त्याच प्रदेशात चंचलता मुळीच न सोसणाऱ्या पिकाचे कारखाने उभे करावेत, हा निर्णय कोणत्या सरासरीवर घेतला गेला याचा शोध घेण्याजोगा आहे.

पूर्वजांनी विचरण गुणांक हा शब्द ऐकला नव्हता, पण त्याची धास्ती त्यांना होती. चांगल्या वर्षीची ज्वारी पेवात उतरवून वाईट वर्षापर्यंत पुरविणे, कापसात तुरीच्या ओळी घालणे, एकाच पावसावर सारे बियाणे न उधळणे, या सगळ्या रीती सरासरी उत्पन्न वाढविण्यासाठी नव्हत्या. उत्पन्न थोडे कमी झाले तरी चालेल, पण ते दरसाल हाती यावे, हा त्यांचा हेतू होता. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी नगरासाठी जो भूमिगत नहर काढला, त्यामागेही हीच दृष्टी होती. आकाशातून येणारे पाणी लहरी, जमिनीखाली मुरलेले संथ. त्या नहरांची आज काय दशा आहे हे या शहरास ठाऊक आहेच.

विम्याचा उफराटा न्याय

विचरण गुणांक शासनाने मुळीच वापरला नाही असे मात्र नाही. एका ठिकाणी त्याचा अधिकृत उपयोग झाला आणि तो कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या रब्बी हंगामापासून लागू झालेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत पिकाच्या गेल्या दहा वर्षांच्या उत्पादनाचा विचरण गुणांक काढून क्षेत्रांचे तीन वर्ग पाडले होते. ज्याचा गुणांक कमी त्या निर्धोक क्षेत्रास सरासरीच्या ९० टक्क्यांपर्यंत विमासंरक्षण, मध्यम जोखमीच्या क्षेत्रास ८० टक्के आणि अधिक जोखमीच्या क्षेत्रास ६० टक्के. म्हणजे ज्याचे पीक बहुधा बुडत नाही त्याला दहा टक्के तूट येताच भरपाई सुरू व्हावयाची आणि ज्याचे पीक वारंवार बुडते त्याने आधी चाळीस टक्के नुकसान स्वतःच्या अंगावर घ्यावयाचे. छत्री द्यावयाची ती जेथे पाऊस नाही तेथे, असाच हा न्याय झाला.

विमा कंपनीच्या दृष्टीने यात तर्क आहे, हे मान्य करावे लागेल. उंबरठा सर्वत्र ८० टक्के ठेवला तर २० टक्के गुणांकाच्या तालुक्यात सहा वर्षांतून एकदा भरपाई द्यावी लागेल आणि ४० टक्के गुणांकाच्या तालुक्यात जवळजवळ तीन वर्षांतून एकदा. तेव्हा एक तर हप्ता वाढवा किंवा उंबरठा उतरवा. हा हिशेब पूर्णतः शेतकऱ्याच्या हप्त्यावर चालणाऱ्या धंद्यात शोभला असता. परंतु जेथे हप्त्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून जातो तेथे गुणांकाचा भार हप्त्याने, म्हणजे समाजाने, उचलावयाचा की उंबरठ्याने, म्हणजे शेतकऱ्याने, हा राजकीय निर्णय आहे. तो गणिताच्या नावावर खपविण्यात आला. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत जोखीमस्तर ७०, ८० व ९० टक्के असे ठेवण्यात आले आणि महाराष्ट्राने सर्व पिकांसाठी सरसकट ७० टक्के स्वीकारला. सातांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी धरण्याची तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची आहे, हे खरे. तरीही पहिल्या तीस टक्क्यांचा घाव त्याचाच.

या योजनांचा पाया असलेली क्षेत्राधारित पद्धती प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात मांडली. प्रत्येक शेताचे नुकसान मोजत बसण्यापेक्षा एकजिनसी क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे आणि सर्वांस सारखी भरपाई द्यावी, असा तो विचार होता. त्यातील ‘एकजिनसी’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. क्षेत्रातील शेताशेतांमधला विचरण गुणांक लहान असेल तरच सरासरीचा न्याय प्रत्येकाला लागू पडतो. डोंगरउताराची मुरमाड जमीन आणि नदीकाठची काळी जमीन एकाच महसूल मंडळात येते, एका शिवारात ढगफुटी आणि शेजारच्या शिवारात ऊन असते, तेव्हा सरासरीत दोघेही हरवतात. शिवाय ही सरासरी काढली जाते ती मूठभर पीककापणी प्रयोगांवरून. शेतांमधला गुणांक ३० टक्के असेल आणि मंडळात दहा प्रयोग झाले असतील, तर त्यांच्या सरासरीतच साडेनऊ टक्क्यांची प्रमाण चूक राहते. चारच प्रयोग झाले तर पंधरा टक्क्यांची. उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे, भरपाई की शून्य, हे पुष्कळदा त्या चुकीवर ठरते. पीककापणीची यादृच्छिक नमुना पद्धती ज्यांनी या देशात रुजविली त्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी नमुन्यातील चूक मोजण्यावर सारा भर दिला होता. आज प्रयोगांचे निकाल जाहीर होतात, चूक जाहीर होत नाही.

दांडेकर आणि सुखात्मे ही नावे आली की एका जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तो वादही याच गुणांकाभोवती फिरला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरमाणशी रोज २,२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्यरेषा मांडली. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसेंदिवस बदलते; तिचा विचरण गुणांक १५ टक्क्यांच्या आसपास धरला तर सरासरीच्या ७० टक्के खाणाराही कुपोषित म्हणता येणार नाही. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करताच देशातील उपाशी माणसांची संख्या एकदम कितीतरी खाली आली. दांडेकरांनी हे तर्कशास्त्र साफ नाकारले. बराच काळ चाललेल्या त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण कोणाचे विचरण मोजले जात आहे, एकाच माणसाचे की माणसामाणसांमधले, एका तालुक्याच्या वर्षावर्षांचे की तालुक्यातालुक्यांमधले, हे स्पष्ट न करता गुणांक वापरला तर भुकेसारखी भूकही कागदावरून पुसता येते, हे त्या वादाने दाखवून दिले.

या आकड्याच्या मर्यादा म्हणूनच सांगितल्या पाहिजेत. तो वर्षांचा क्रम ओळखीत नाही. २०१४ आणि २०१५ ही वर्षे लागोपाठ आली म्हणून लातूरला रेल्वे धावली. तीच दोन वर्षे दहा वर्षांच्या अंतराने आली असती तर गुणांक तोच राहिला असता आणि शहर कदाचित निभावले असते. तो तूट आणि आधिक्य यांत भेद करीत नाही. जूनमध्ये पेरून जुलैत महिनाभर उघडीप पडली, दुबार पेरणी झाली आणि सप्टेंबरात पावसाने बेरीज पूर्ण केली, तर वार्षिक गुणांकाच्या लेखी ते आदर्श वर्ष ठरते. सरासरी शून्याजवळ असेल तर भागाकारच फसवा होतो. मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसाचा गुणांक दोनशे टक्के आला म्हणून त्यातून फारसे काही कळत नाही. तापमानाला तर तो लावूच नये, कारण सेल्सिअस अंशांत एक उत्तर येते आणि फॅरनहाइटमध्ये दुसरे. ज्या मोजमापाचे शून्य खरे शून्य असते, जसे पाऊस, धान्य, पैसा, त्यालाच हा गुणांक शोभतो.

पैशाचे नाव निघाले म्हणून आणखी एका ठिकाणी त्याची उणीव नोंदविणे भाग आहे. प्रादेशिक असमतोलावरील दांडेकर समितीने १९८४ साली जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष राज्याच्या सरासरीपासून मोजला आणि तो ३,१८६ कोटी रुपयांचा ठरविला. मराठवाड्याच्या राजकारणात अनुशेष हा शब्द तेव्हापासून मुरला. परंतु सरासरीखालचा खड्डा किती हे मोजणे आणि जिल्ह्यांमधील अंतर वाढत आहे की घटत आहे हे मोजणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढारलेले जिल्हे अधिक वेगाने पुढे गेले तर सरासरीच वर सरकते. सिंचन, रस्ते, रुग्णखाटा यांचा जिल्हावार विचरण गुणांक दरवर्षी काढून प्रसिद्ध केला असता तर चार दशकांच्या भाषणबाजीला एक साधी कसोटी मिळाली असती.

पावसाबाबत तरी आरंभ करण्यास अडचण नसावी. स्थळाच्या स्वतःच्या विचलनाच्या मापाने तूट मोजणारा प्रमाणित पर्जन्य निर्देशांक हवामान खाते तयार करते. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनेही त्याला स्थान दिलेले आहे. महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी शासनाकडे आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, छत्रपती संभाजीनगरात १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे. प्रत्येक मंडळाच्या सरासरीशेजारी त्याचा विचरण गुणांक छापावयाला या संस्थांना नवे अनुदान लागणार नाही. पिकांची शिफारस करताना एकरी सरासरी उताऱ्याबरोबर उताऱ्याचा गुणांकही सांगावा. सोयाबीन अधिक देते पण किती वर्षांत देते, हे ऐकण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे. विम्याचा ७० टक्क्यांचा जोखीमस्तर अधिक गुणांकाच्या मंडळांसाठी तरी ८० वर न्यावा आणि वाढीव हप्ता राज्याने भरावा. ऑक्टोबरात धरणसाठ्यांचा हिशेब होऊन कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका भरतात, तेव्हा हातातील पाण्याचे वाटप करताना पुढील पावसाळा सरासरीचा धरला जातो की चारांतील वाईट वर्षाचा, हे त्या बैठकीच्या इतिवृत्तात लेखी नोंदवावे.